जर्मनीतल्या नर्सिंगच्या नोकरीचा इंटरव्ह्यू जर्मनमधून आहे? मग आधी 'कळलं नाही' म्हणायची प्रॅक्टिस करा

तर जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा पास झालात, एजन्सीकडून मेल आला की अमुक तारखेला व्हिडिओ कॉल, समोर हॉस्पिटलची माणसं असणार आणि सगळं जर्मनमधून. पोटात गोळा येतोच. आता हातात असलेल्या आठ-पंधरा दिवसांत काय करायचं ते लिहितेय. मी कणकवलीकडची, सध्या जर्मनीत वॉर्डवर काम करते, आणि आपल्याकडच्या मुलींचे (मुलगेही असतात, पण कमी) मॉक इंटरव्ह्यू फोनवर घेते, त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते ते माहितीय. बारावीनंतर आउसबिल्डुंगला, म्हणजे तिकडच्या तीन वर्षांच्या पगारी ट्रेनिंगला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य यांच्यात कुशल कामगार पाठवण्याचा करार झाला, तेव्हा शिक्षणमंत्री आपल्या सावंतवाडीचेच दीपक केसरकर होते, तेव्हापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जर्मन हा शब्द घरोघरी पोचलाय. क्लासची चर्चा होते, परीक्षेची होते, पण इंटरव्ह्यूची तयारी कशी करायची हे कोणी सांगत नाही. फार तर वीस प्रश्न-उत्तरांची पीडीएफ हातात देतात आणि पाठ करा म्हणतात.

ती पीडीएफ बाजूला ठेवा. खरंच.

कारण समोर बसलेली माणसं तुमचं व्याकरण तपासायला बसलेली नसतात, सर्टिफिकेट त्यांनी आधीच पाहिलेलं असतं. त्यांना बघायचं असतं की नाइट ड्युटीला वॉर्डवर तुम्ही जवळजवळ एकट्या आहात, डॉक्टरने फोनवर काहीतरी सांगितलं आणि त्यातलं अर्धंच कळलं, तर तुम्ही काय कराल? "या, या" (जर्मनमधलं हो, हो) करून फोन ठेवाल की थांबवून परत विचाराल? औषधाच्या डोसचा मामला असतो, तिथे अंदाजपंचे चालत नाही. म्हणून इंटरव्ह्यूत प्रश्न कळला नाही तर ती आपत्ती समजू नका, तिथेच तुम्हाला दाखवायचा चान्स असतो की न कळल्यावर ही मुलगी नीट वागते. आणि आपल्या मुली नेमक्या तिथेच गप्प होतात, हसतात, मान डोलावतात. लहानपणापासून सवय ना, बाईंना परत विचारलं तर बाई ओरडतील.

त्यामुळे तयारीचा पहिला अर्धा भाग हा. ही वाक्यं झोपेतून उठवलं तरी तोंडात यायला हवीत:

"क्योन्टन झी दास बिटं नोखमाल झागन?" म्हणजे जरा परत सांगाल का.

"क्योन्टन झी बिटं एत्वास लांगझामर श्प्रेशन?" जरा हळू बोलाल का.

"वास मायनन झी मिट..." आणि पुढे जो शब्द कळला नाही तो, जसा ऐकू आला तसा, चुकला तरी चालेल.

आणि सगळ्यात भारी, "हाबं इश झी रिश्टिश फेरश्टान्डन?" मी तुमचं बरोबर समजले का, असं म्हणून लगेच आपल्या शब्दांत प्रश्न परत सांगायचा. हे वाक्य आलं की समोरची बाई खुर्चीत जरा मागे रेलून बसते, बघा तुम्ही. तिला वॉर्डवर हेच हवं असतं.

देवनागरीत उच्चार लिहिलेत ते कामचलाऊ आहेत, "इश" मधला श आपला श नाही, ह आणि श यांच्या मधला आहे, कान लावून ऐका. इंटरनेटवर डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत कोर्स आहेत, आणि मुद्दाम हळू वाचलेल्या बातम्याही आहेत, त्या सकाळी भाकऱ्या थापताना लावून ठेवा.

नुसतं पाठ करून होत नाही मात्र. मैत्रिणीला पकडा, व्हॉट्सॲपवर तिने जर्मनमधून प्रश्नाची व्हॉइस नोट पाठवायची, तुम्ही ती एकदाच ऐकायची, आणि मिनिटभरात उत्तराची व्हॉइस नोट टाकायची, लिहून वाचायचं नाही. मग तिला सांगा की मधूनच मुद्दाम एखादा अवघड शब्द घाल किंवा तोंडावर रुमाल धरून बोल. पंखा फुल स्पीडला, बाहेर पाऊस पत्र्यावर आपटतोय, मिक्सर चालू आहे, अशा आवाजात ऐकायची प्रॅक्टिस करा. शांत खोलीत इयरफोन लावून सगळ्यांनाच कळतं. मी मॉक घेताना मुद्दाम अर्ध्या वाक्यात आवाज बारीक करते, आणि समोरची गप्प राहिली तर कॉल तिथेच थांबवून परत पहिल्यापासून. शिव्या खाते त्यासाठी, पण चालतंय.

आता ओळख. "एर्त्सेलन झी बिटं एत्वास यूबर झिश", स्वतःबद्दल सांगा, हा प्रश्न येणारच. इथे नव्वद टक्के मुली वडिलांचं नाव, भावंडं किती, छंद वाचन आणि स्वयंपाक असं सुरू करतात. शाळेतला 'माझी ओळख' निबंध. त्यांना हवं असतं: नाव, कुठून, काय शिकलात, कुठल्या वॉर्डला किती वर्षं काम केलंत, आता काय करताय. बास. गावाचं सांगताना एक सोपी युक्ती, सिंधुदुर्ग म्हटलं तर तिकडे कोणालाच कळणार नाही पण गोवा बऱ्याच जणांना माहीत असतो, म्हणून "इश कोमं आउस सिंधुदुर्ग, दास लीक्ट आन डेअर वेस्टक्युस्टं फॉन इंडियन, नॉर्डलिश फॉन गोआ", पश्चिम किनाऱ्यावर, गोव्याच्या उत्तरेला. मग ते हसून विचारतात समुद्र जवळ आहे का, पाऊस किती पडतो. या गप्पांची तयारी ठेवा, दोन-तीन वाक्यं पावसावर, दोन घराबद्दल. हवामानावर बोलायला तिकडे सगळ्यांना आवडतं आणि आपल्याकडे पावसावर बोलायला काय कमी आहे.

वॉर्डचं सांगताना मोठमोठी वाक्यं नकोत. किती खाटांचा वॉर्ड, पेशंट साधारण कुठल्या आजाराचे, एका शिफ्टला तुमच्याकडे किती पेशंट, तुम्ही स्वतः काय करायचात. खरं सांगा. जिल्हा रुग्णालयात एका नर्सकडे किती पेशंट असतात ते ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात, आणि ते तुमच्याच बाजूने जातं.

मग येतो एखादा प्रसंग. हमखास. पेशंट खाली पडला तर काय कराल, पेशंट औषध घ्यायला नाही म्हणाला तर, नातेवाईक चिडले तर. इथे मुली घाबरून मोठं वाक्य बांधायला जातात, त्यात अडकतात, मग सगळंच कोसळतं. पडल्याचंच उदाहरण घेऊ, उत्तर असं द्यायचं, एकेक कृती, एकेक छोटं वाक्य:

"इश ब्लायबं बायम पात्सिएन्टन." पेशंटजवळ थांबते.
"इश रूफं हिल्फं." मदतीला हाक मारते.
"इश फ्रागं: हाबन झी श्मेर्त्सन?" विचारते, दुखतंय का.
"इश मेसं ब्लूटड्रुक उन्ट पुल्स." बीपी, पल्स बघते.
"इश इन्फोर्मीरं डेन आर्त्स्ट." डॉक्टरांना कळवते.
"इश डोकुमेन्टीरं आलेस." सगळं लिहून ठेवते.

झालं उत्तर. यातलं एकही वाक्य अवघड नाही, पण क्रम नर्सचा आहे, आणि पेशंटला लगेच ओढून उठवलं नाही हे त्यांना दिसतं. शेवटचं लिहून ठेवायचं वाक्य कधीच सोडू नका, तिकडे कागदोपत्री नोंद म्हणजे कामाचाच भाग, लिहिलं नाही तर केलं नाही असंच धरतात. असे चार-पाच प्रसंग आपल्या स्वतःच्या वॉर्डवरचे घ्या, प्रत्येकाची पाच-सहा वाक्यं करा, आणि ड्युटीवर काम करता करता मनातल्या मनात म्हणत राहा. बीपी घेताय, तर तेच वाक्य पुटपुटा. पेशंट बघतो विचित्र, बघू दे.

आता एक गोष्ट जी क्लासमध्ये कोणी सांगत नाही. जर्मन बोलताना इंग्रजीवरून जाऊ नका, मराठीवरून जा. आपल्याकडे क्लास इंग्रजीतून होतात, पुस्तकं इंग्रजीतून, म्हणून सगळ्या आधी इंग्रजी वाक्य बनवतात आणि मग त्याचं जर्मन करतात, दुप्पट काम. आकडेच बघा. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे आधी एक मग वीस, "आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश". आपलंही तेच ना, एकवीस, बावीस, तेवीस. इंग्रजी मीडियमची पोरं इथे कायम उलटं करतात, ३७ ऐकतात आणि ७३ लिहितात. हॉस्पिटलमध्ये हा विनोद नाही. मराठीतून मोजा, सुरळीत होतं. "वाइल" म्हणजे कारण, त्याच्यानंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, इंग्रजीवाल्यांना ते जड जातं, आपलं तर क्रियापद जन्मापासून शेवटीच. तीन लिंगंही आपल्याला नवीन नाहीत, अर्थात कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठच करायला लागतं, त्यातून सुटका नाही. समोरच्याला "झी" म्हणायचं, म्हणजे आपलं तुम्ही, तेही अंगवळणी असतं. फक्त सर-मॅडम नको. तिकडे फ्राऊ (बाईंना) किंवा हेर (पुरुषांना) आणि पुढे आडनाव. ते सुरवातीला ओळख करून देतात तेव्हा पेन हातात ठेवा आणि आडनावं लिहून घ्या, स्पेलिंग चुकलं तरी चालेल, नंतर "फ्राऊ अमुक" म्हणून हाक मारलीत की फार फरक पडतो.

आकड्यांचा अजून थोडा सराव करा, कारण त्यावरून हमखास चाचपतात. ताप ३८.५ असेल तर तिकडे पॉइंट नाही, "कोमा" म्हणतात, अख्टउन्टड्रायसिश कोमा फ्युन्फ. आणि तो सेल्सिअसमध्ये, आपल्याकडे १०१-१०२ फॅरनहाइट बोलायची सवय असते ती आधीच मोडा. बीपी १२० बाय ८० ला "हुन्डर्टत्स्वान्त्सिश त्सू आख्त्सिश". वेळ सांगताना "हाल्ब द्राय" म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. ड्युटी अडीचला असताना साडेतीनला पोचलेल्यांच्या गोष्टी इथे प्रत्येक वॉर्डवर ऐकायला मिळतात.

बोलीभाषेचंही सांगायला हवं. क्लासमधलं जर्मन स्वच्छ, सुटसुटीत असतं. पण एखादी वॉर्डप्रमुख दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातली असली की ती गावाकडचं बोलते, आणि बवेरियात "गुटन टाग" ऐवजी "ग्र्युस गॉट" म्हणतात. पुण्यात मराठी शिकलेला माणूस थेट मालवणच्या मासळी बाजारात उतरला तर त्याचं जे होईल तेच आपलं होतं. घाबरायचं नाही, वरची वाक्यं वापरायची. हॉस्पिटल कुठल्या भागात आहे ते कळलं की यूट्यूबवर त्या भागातल्या माणसांचं बोलणं थोडं ऐकून ठेवा, कळायला नको, कानाला ओळखीचं वाटलं तरी पुरे.

तिकडच्या कामाबद्दल एक प्रश्न येतो आणि त्यात बऱ्याच जणी घसरतात. तिकडे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, संडासला नेणं हे सगळं नर्सच्या कामाचा गाभा आहे, "ग्रुन्टफ्लेगं" म्हणतात त्याला. आपल्याकडे हे मावशी करतात किंवा घरचं माणूस पेशंटपाशी थांबलेलं असतं ते करतं. तिकडे नातेवाईक वॉर्डवर मुक्कामाला नसतात, भेटून जातात. उलट आयव्ही (सलाइनसाठी शिरेत सुई) लावणं, जे आपण रोज चुटकीसरशी करतो, ते तिकडे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. मग ते विचारतात, हे तुम्हाला जमेल का, आवडेल का. "हो हो जमेल" एवढंच म्हणू नका. सांगा की आमच्याकडे हे काम वेगळं वाटलेलं असतं, मला माहीत आहे तुमच्याकडे नर्स करते, आणि आजीचं, आजोबांचं घरी केलं असेल तर ते सांगा. कोकणातल्या कुठल्या घरात म्हातारं माणूस नाही? ते खरं वाटतं, कारण ते खरंच असतं. आणि मनातून हे काम करायचं नसेल तर तिकडे जाऊच नका, हे मी स्पष्ट सांगते.

बाकीचे ठरलेले प्रश्न पटकन: जर्मनीच का, या प्रश्नाला नुसतं पगार म्हणू नका, पण पगार नकोच असंही नाटक नको. आमचंच हॉस्पिटल का, याला त्यांची वेबसाइट उघडून कुठले विभाग आहेत ते बघा, नकाशावर गाव बघा, जवळचं मोठं शहर कुठलं, एवढं पुरतं. कमतरता काय, याला "मी फार मेहनत करते" वगैरे नको, ते त्यांनी हजारदा ऐकलंय, सरळ सांगा की फोनवरचं जर्मन अजून पटकन कळत नाही, त्यासाठी रोज काय करते. गरोदर आहात का, मूल कधी, असं तिकडच्या कायद्यानुसार इंटरव्ह्यूत विचारायचं नसतं, हे आईवडिलांनाही सांगून ठेवा.

इंटरव्ह्यूचा दिवस. आधी वेळ तपासा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, बाकी हिवाळ्यात साडेचार तास. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दीड, हिवाळ्यात अडीच. मेलमध्ये कुणाची वेळ लिहिलीय ते विचारून घ्या.

मग जागा. घर खाली व्हाळाकडे असेल आणि नेटवर्क फक्त सड्यावर येत असेल तर सड्यावर मोबाइल धरून इंटरव्ह्यू द्यायचा नाही, वाऱ्याने काही ऐकू येत नाही. कुडाळ, कणकवली, चिपळूण, जिथे कोणी नातेवाईक फायबरवाला असेल तिथे आदल्या दिवशी मुक्कामाला जा. पावसाळ्यात लाइट जाणारच असं धरून चाला, राउटर इन्व्हर्टरवर आहे का बघा, मोबाइल चार्ज, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटला तयार. पत्र्याची पडवी नको, माजघरात बसा, उजेड तोंडावर येईल असं, खिडकी पाठीमागे नको. घरात सगळ्यांना बजावा, नाहीतर ऐन रंगात काकी दारातून डोकावते, "कोणावांगडा बोलतंस गो?" आणि समोरचे चार जर्मन थक्क. मधे कॉल तुटलाच तर परत जोडून "एन्टशूल्डिगुंग, दी फेरबिन्डुंग वार श्लेश्ट" (माफ करा, कनेक्शन खराब होतं) म्हणा आणि पुढे चला, पाच वेळा माफी नको. एजन्सीचा माणूस कॉलवर असेल आणि तुमच्या वतीने उत्तरं द्यायला लागला तर गोड शब्दांत थांबवा, इंटरव्ह्यू तुमचा आहे.

शेवटी ते विचारतात, तुमचे काही प्रश्न? नाही म्हणू नका. हे विचारा: बी-२ चा, म्हणजे बी-१ च्या पुढच्या पातळीचा, कोर्स आणि परीक्षेचा खर्च कोण करणार. सुरवातीला राहायची सोय आहे का, भाडं किती. आपली पदवी तिकडे मान्य होईपर्यंत (तो निर्णय त्या त्या राज्याचं सरकारी खातं देतं, त्यात बहुतेकदा काहीतरी कमी आहे असं येतं, मग परीक्षा किंवा पुरवणी ट्रेनिंग) तुम्हाला मदतनीस म्हणून ठेवतात आणि पगार कमी असतो, तर तो किती आणि साधारण किती महिने. पगार सांगतील तो "ब्रुटो", त्यातून टॅक्स, आरोग्य विमा, पेन्शन कापून हातात येतो तो "नेटो", तेव्हा नेटो साधारण किती हे विचारायला लाजू नका, तिकडे त्यात वाईट काही मानत नाहीत.

त्याच दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेल टाका. पसंत पडलात तर कराराचा कागद येतो, तोही जर्मनमधूनच. त्यात मधेच नोकरी सोडली तर कोर्स आणि प्रवासाचे पैसे परत करायचे असं कलम आहे का ते शोधा, किती रक्कम, किती वर्षांपर्यंत, नीट वाचा, जर्मन येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. सहीसाठी चार दिवस मागून घ्या, देतात. आणि तुमच्याकडून लाखांनी पैसे मागणारा एजंट असेल तर आधी त्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का तपासा, मगच पुढचं बोला.